अकराव्या बाईचं चित्र

अल्माटी,
२ सप्टेंबर

आदरणीय ओतेगेन आगा,

जनावरं आणि माणसं सुखरूप ना? उंटिणींचं दूध कमी व्हायला लागलं का? तुमचा गुडघा कसा आहे? वहिनीला, उल्बोसीन जेंगेला, मात्र माझा सलाम सांगू नका, कारण हे पत्र आल्याचं तिला कळायला नको आहे. का, ते पुढे लिहिते.

रक्ताची निळी पेटी रिकामी परत येते, तिच्या तळाशी बर्फाच्या पिशव्यांखाली हे पाकीट ठेवलं आहे. पेटीची ने-आण करणाऱ्या तोक्सानला बजावलं आहे, फक्त तुमच्या हातात द्यायचं. तो हसला. म्हणाला, "आपा, फोन करा की सरळ. आजकाल पत्र कोण लिहितं? तुमचं काय लफडं आहे का?" त्याला काय सांगू? सारीकुदुकला फोन म्हणजे टेकडीवर चढायचं, तिथे आधीच तीन म्हातारे आपापल्या पोरांशी ओरडून बोलत असणार, तुमचा फोन नेहमी स्पीकरवर, आणि जेंगे तुमच्या खांद्याला खांदा लावून उभी. तुम्ही "हॅलो" म्हणायच्या आत तीच मला तिच्या लाडाच्या नावाने विचारते, "शिराक, जेवलीस का?" अशा फोनवर मी काय बोलणार!

आधी कामाचं. तुमच्या अक्तामाक उंटिणीचं रक्त चांगलं आलं, वाटेत गरम झालं नाही. तिला म्हणावं, तुझे उपकार आहेत. तुम्ही पाहुण्यांना अजून सांगता का, की माझी उंटीण माणसाच्या पोटात दिवा लावते? मागे तुमच्या तोंडून ते ऐकलं तेव्हा हसले होते, पण तुम्ही फार चुकीचं बोलत नव्हतात. उंटाच्या रक्तात रोगाला पकडणारे जे अगदी लहान तुकडे असतात, तसे गाईच्या किंवा घोड्याच्या रक्तात नसतात. लहान असल्यामुळे ते गाठीत खोलवर शिरतात. त्यांना किरणं सोडणारा एक अणू बांधला की यंत्राच्या चित्रात गाठ उजळून दिसते. माझं काम त्या तुकड्याचा आकार बघण्याचं, कुठे धरतो, कसा धरतो, आणि जमलं तर त्याची पकड आणखी घट्ट करण्याचं. एवढ्यासाठी सोळा वर्षं गेली.

जूनमधल्या जेवणाबद्दल मी तुमचे नीट आभारही मानले नाहीत. चाळीस माणसं, तरुण उंट कापलेला, जरिल्कापकाकांनी दोन्ही तळवे वर करून माझ्या हातांना दिलेला आशीर्वाद. आणि तुम्ही पुरुषांसमोर मानाचं मांडीचं हाड माझ्या पुढ्यात ठेवलंत. बाईच्या पुढ्यात! जरिल्कापकाकांचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. मांस छान शिजलं होतं.

आता काही गोष्टी विचारते, सहज. जेंगे कशी जेवते? दोन घास खाऊन पोट भरलं म्हणते का? झगा कंबरेला घट्ट होतो म्हणून तिने उसवला आहे का? रात्री कुठल्या कुशीवर झोपते? तुम्ही म्हणाल, तिलाच विचार. तिला विचारलं तर ती म्हणेल, "मला काय धाड भरली आहे? तुझ्या यंत्रानेच सांगितलं ना?"

आणि एक. तिला महिनाभरात इकडे घेऊन या. कुरालायच्या लग्नाचं कापड घ्यायचं आहे असं सांगा. पोरीच्या लग्नाचं नाव काढल्यावर ती नाही म्हणणार नाही. लग्न जूनमध्ये आहे, अजून वेळ आहे, पण इथल्या बाजारात आत्ता चांगला माल आला आहे वगैरे काहीतरी सांगा. तुम्हाला खोटं बोलता येत नाही हे मला माहीत आहे, तरी प्रयत्न करा.

उत्तर पेटीतूनच पाठवा.

तुमची धाकटी बहीण,
दामेली

*

अल्माटी,
२७ सप्टेंबर

आदरणीय आगा,

जनावरं बरी आहेत हे तुमच्या पत्रातून कळलं. माणसांबद्दल तुम्ही चार ओळी लिहिल्यात. त्या मला पाठ झाल्या आहेत: "तुझी जेंगे खाते कमी, राबते जास्त. वय झालं. कापड कझालीतही मिळतं. तू काहीतरी गिळून बसली आहेस. आई गेली तेव्हा तू दीड वर्षाची होतीस, तुझे लंगोट मी धुतलेत, मला बनवू नकोस."

बनवत नाही. ऐका.

मार्चमध्ये जिल्ह्याच्या डॉक्टरने जेंगेच्या पोटात, डाव्या बाजूला, बीजकोशाजवळ गाठ आहे म्हणून सांगितलं. पोट उघडून काढू आणि तपासू, असं तो म्हणाला. तुम्ही टेकडीवरून फोन केलात. तेव्हा पहिल्यांदा तुम्ही एकटे होतात आणि तुमचा आवाज ओळखू येत नव्हता. तुम्ही म्हणालात, "कापायच्या आधी तुझ्या त्या दिव्याने बघ." आमच्याकडे तेव्हा माणसांवरची पहिली चाचणी सुरू झाली होती. अशी शंका असलेल्या दहा बायकांची चित्रं काढून झाली होती. मी जेंगेला अकरावी म्हणून घेतलं. नात्यातलं माणूस घेऊ नये असा नियम कुठेही लिहिलेला नव्हता. तो आपला आपल्याला कळायला हवा होता.

तिने सही केली त्या कागदावर एक वाक्य आहे. हे चित्र केवळ अभ्यासासाठी आहे, उपचार करायचे की नाही ते यावरून ठरवू नये. ते वाक्य मीच लिहिलं आहे. तिला वाचूनही मीच दाखवलं. ती म्हणाली, "बरं बाई, कळलं, कुठे अंगठा उमटवू?" आणि मग मुद्दाम मला चिडवायला सुंदर वळणदार सही केली.

अकरा मेला चित्र आलं. पोटात काहीही उजळलं नव्हतं. नुसती मूत्रपिंडं आणि मूत्राशय, तिथून तो तुकडा बाहेर पडतो म्हणून. मी यंत्राच्या खोलीतून पळत बाहेर आले आणि व्हरांड्यातून तुम्हाला फोन लावला. "आगा, चित्र स्वच्छ आहे!" कागदावरचं वाक्य मला आठवलंही नाही. त्या क्षणी मी तुमची बहीण होते, बाकी कुणी नव्हते, आणि बहिणीने काय बोलायचं असतं तेच मी बोलले. तुम्ही जिल्ह्याच्या डॉक्टरला जाऊन सांगितलंत की अल्माटीने बघितलंय, काही नाही, कापायची गरज नाही. त्यानेही सुटकेचा निःश्वास सोडला असणार.

आगा, ते चित्र विश्वास ठेवण्याजोगं नव्हतं.

समजेल असं लिहिते. गाठीच्या पेशींवर एक प्रथिन असतं, आमचा तुकडा त्याला पकडतो. त्याचा आकार बघायला ते प्रथिन भरपूर लागतं, म्हणून आम्ही ते जंतूंकडून बनवून घेतो. स्वस्त पडतं, लवकर होतं, सगळे तसंच करतात. पण जंतू एक गोष्ट करत नाहीत. माणसाच्या शरीरात त्या प्रथिनावर साखरेच्या साखळ्या चढतात, मेंढीच्या अंगावर लोकर असावी तशा. जंतू ती लोकर चढवत नाहीत. मी दोन वर्षं भादरलेल्या मेंढीचं माप घेत होते आणि मला वाटत होतं की मला मेंढी माहीत झाली.

अक्तामाकने दिलेला मूळ तुकडा बरा होता. त्याचं चित्र फिकट यायचं, पण यायचं. मी त्याच्या एका टोकाला तीन बदल केले. ते टोक पुढे सरकून आणखी एका जागी धरू लागलं आणि पकड चाळीस पट घट्ट झाली. त्याच्यावर माझा निबंध छापून आला, तो तुम्ही भिंतीवर चौकटीत लावलात. प्रयोगशाळेत वर्षानुवर्षं वाढवलेल्या पेशींवर तो तुकडा छान चालला, उंदरांमध्ये छान चालला. त्या पेशींवरची साखरही इतक्या वर्षांत विरळ झालेली असते. खऱ्या माणसाच्या ताज्या गाठीवर मात्र नेमकी त्याच जागी साखळी बसलेली असते. माझं लांब केलेलं टोक तिला अडतं आणि तुकडा पेशीला चिकटतच नाही. उंटिणीने जे दिलं होतं ते त्या साखळीच्या बाजूने निघून पेशीला धरत होतं. मी त्यात सुधारणा केली.

हे आता, या महिन्यात, पक्कं कळलं. आमच्याकडे तसा सूक्ष्मदर्शक नाही, नमुने गोठवून परदेशी पाठवावे लागतात, उत्तराला अडीच महिने जातात. उत्तर आलं, त्यात साखळी स्पष्ट दिसते आहे. मी त्याच दिवशी चाचणी थांबवायला लावली.

बाकीच्या दहा जणींचं काय, असं तुम्ही विचाराल. त्यांना काही झालं नाही. आमचं चित्र काहीही म्हणो, त्यांच्या डॉक्टरांनी ठरल्याप्रमाणे ऑपरेशनं केली. सात जणींना गाठ होती, ती काढली; ते निकाल चाचणी थांबेपर्यंत आम्हाला बघायचे नसतात. त्या दहा जणींची नणंद आमच्या संस्थेत कामाला नव्हती.

तेव्हा जेंगेला घेऊन या. कापडाचं नाटक करा किंवा करू नका, पण पहिल्या गाडीने या. इथल्या मोठ्या रुग्णालयात तामारा पेत्रोव्ना म्हणून सर्जन आहेत, माझं बोलणं झालं आहे, त्या वाट बघत आहेत. मला शिव्या द्यायच्या असतील तर इथे आल्यावर द्या, हव्या तेवढ्या द्या. आधी तिला गाडीत बसवा.

तुमची,
दामेली

*

अल्माटी,
१६ नोव्हेंबर

आगा,

आज जनावरांची चौकशी करत नाही. तुम्ही उत्तर देणार नाही हे माहीत असताना विचारण्यात अर्थ नाही.

ऑपरेशनच्या दिवशी आपण व्हरांड्यातल्या एकाच बाकावर बसलो होतो, मध्ये तुमची टोपी. तामारा पेत्रोव्ना चाळीस मिनिटांत बाहेर आल्या. तीन तास लागतील असं त्या म्हणाल्या होत्या, त्यामुळे त्यांनी तोंड उघडायच्या आधीच मला कळलं. सगळीकडे पसरलं आहे, काढण्यासारखं काही राहिलं नाही, उघडलं आणि शिवून टाकलं. तुम्ही टोपी उचललीत, डोक्यावर घातलीत, पुन्हा काढलीत. त्या दिवसापासून तुम्ही माझ्याशी एकच वाक्य बोललात, तेही जाताना, दारात, माझ्याकडे न बघता: "तिला सांगायचं नाही. आतड्याला पीळ पडला होता, सोडवला, एवढंच. तू आणि ती डॉक्टरीण, दोघींनी."

आपल्याकडे असंच करतात. आबांच्या वेळी मी पंधरा वर्षांची होते. आपण सगळे त्यांच्यासमोर खोकल्याबद्दल बोलत होतो आणि अंगणात जाऊन रडत होतो. आबा काहीही न विचारता गेले. मला तेव्हा वाटलं होतं की त्यांना कळलंच नाही. आता तसं वाटत नाही.

मी तुमचं ऐकलं. तेरा दिवस ऐकलं. तुम्ही कळपाकडे परत गेलात, जेंगे माझ्याकडे नवव्या मजल्यावर राहिली. तिला लिफ्ट आवडत नाही. "कबरीत उभं राहून वर जायचं, हे काय?" म्हणते. स्वयंपाकघरात खुर्ची टाकून बसते आणि मी पीठ कसं मळते ते बघून नाक मुरडते. टाके ओले आहेत तरी सुई-दोरा सोडत नाही. येताना चिंध्यांचं एवढं मोठं बोचकं आणलं होतं ते तुम्ही पाहिलंच आहे. कुरालायच्या लग्नाच्या गोधड्या. मी रोज सकाळी तिला विचारते, पीळ कसा आहे, दुखतो का. रोज विचारते. मला स्वतःची किळस येते.

परवा सकाळी, मी कामावर निघाले होते, बूट घालत होते, तर तिने हाक मारली.

"ए शिराक, इकडे येऊन बस. दाराकडे बघू नकोस, दार कुठे पळून जात नाही."

"उशीर होतोय, जेंगे."

"होऊ दे. मला एक सांग. पीळ पडलेल्या उंटिणीला मी दोनदा मोकळं केलंय, कोपरापर्यंत हात घालून. पीळ सुटला की जनावर तिसऱ्या दिवशी वैरण मागतं. मला आज सोळा दिवस झाले. मला चहाही उतरत नाही."

"माणसाचं वेगळं असतं."

"असेल. तू शिकलेली आहेस. पण तुझा भाऊ जायच्या दिवशी माझ्या पायाशी बसून मला मोजे घालत होता. मला! एकतीस वर्षांत त्याला स्वतःचे मोजे सापडले नाहीत कधी, मीच शोधून द्यायचे. तेव्हाच म्हटलं, उल्बोसीन, आटोपलं तुझं."

मी हसले, आगा. खरंच हसू आलं, आणि तीही हसली, टाक्यांवर हात दाबून. मग म्हणाली, "आता ऐक. मला रडायचं नाहीये, मला हिशोब लावायचाय. लग्न जूनमध्ये आहे. मी त्याच्या आधी गेले तर वर्षश्राद्धाचं जेवण होईपर्यंत घरात लग्न करता येणार नाही. पोरगी वर्षभर थांबणार, पोराकडचे थांबतील की नाही देव जाणे. त्याच्या आईचं तोंड तू पाहिलंयस. मी असणार असेन तर जूनच राहू दे, नसेन तर आधी उरकू. सहा गोधड्या झाल्यात, दोन राहिल्यात. एवढंच सांग. असेन की नसेन?"

मी तुमचा विचार केला. दारात उभं राहून तुम्ही जे बोललात ते मला ऐकू येत होतं. पण माझ्यासमोर जी बसली होती तिने मला वाढवलं आहे. तुम्ही लंगोट धुतलेत, खरं आहे, पण सात वर्षांची झाल्यावर माझ्या वेण्या तिने घातल्या, मला शाळेत तिने धाडलं, आणि वसतिगृहात जाताना स्वतःच्या कानातलं विकून मला कोट तिने घेतला. ते तुम्हाला आजपर्यंत माहीत नाही. तुम्हाला ती सांगते की हरवलं.

मी सांगितलं, नसशील.

"केव्हा?"

"फेब्रुवारी. फार तर मार्च."

ती म्हणाली, "बरं." सुईत दोरा घालायला लागली. दोरा जाईना. मी हात पुढे केला तर तिने सुई दिली नाही. बऱ्याच वेळाने दोरा गेला, तिने गाठ मारली आणि चार टाके घातले. मग खाली बघतच विचारलं, "दामेली, तू फोन केलास तेव्हा तुला खरं वाटत होतं?"

तिने माझं नाव घेतलं, आगा. एकतीस वर्षांत कधी घेतलं नव्हतं, नवऱ्याच्या भावंडाचं नाव सुनेने घ्यायचं नसतं म्हणून. रागावली तरी "शिराक"च म्हणायची. तिच्या तोंडून माझं नाव परकं वाटलं, आणि मला कळलं की आता खोटं बोलता येणार नाही.

"हो," मी म्हटलं. "फोन केला तेव्हा खरंच वाटत होतं."

"आणि जेवणाला आलीस तेव्हा?"

मी पायातला बूट काढून ठेवला.

"मी बघत होते तुझ्याकडे. एवढं मानाचं हाड पुढ्यात ठेवलं आणि तू त्याला बोटही लावलं नाहीस. मला वाटलं, शहरची झाली, आता आमचं मांस नको हिला. दोन दिवस माझ्या मनाला लागलं होतं ते."

आता तुम्हाला सांगते. मागच्या पत्रात मी लिहिलं की सप्टेंबरमध्ये कळलं. पक्कं सप्टेंबरमध्ये कळलं हे खरं. पण माझ्या हाताखाली रौशान म्हणून काम करते, तिने चार जूनला मला एक पट्टी दाखवली. ऑपरेशनच्या खोलीतून आलेल्या ताज्या गाठींचे नऊ काप, आमचा बदललेला तुकडा त्यांच्यावर सोडलेला. नऊच्या नऊ काळे. उंटिणीचा मूळ तुकडा शेजारी, फिकट, पण नऊच्या नऊ उजळलेले. रौशान म्हणाली, "आपा, मला वाटतं आपण थांबायला हवं. तुमच्या वहिनींचं चित्र पण याच तुकड्याचं आहे ना?" मी तिला म्हटलं की नमुने शिळे असतील, पुन्हा कर. ती म्हणाली, "शिळे असते तर दुसराही काळा आला असता." मी तिच्यावर ओरडले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ओरडले. मग नमुने परदेशी पाठवू, पक्कं होऊ दे, तोवर कुणाला काही बोलायचं नाही, असं ठरवलं. ठरवलं म्हणजे मी ठरवलं. ती कनिष्ठ आहे, काय करणार!

आणि चौदा जूनला मी तुमच्या जेवणाला आले.

का बोलले नाही, ते मी स्वतःला रोज विचारते आणि रोज वेगळं उत्तर सापडतं. महिनाअखेरीला सरकारची समिती येणार होती, सगळं त्या तुकड्यावर उभं होतं. निबंधावर माझं नाव होतं. गाडीतून उतरले तर उंट आधीच कापला होता, आणि तुम्ही रक्ताळलेल्या हातांनीच मला मिठी मारलीत. यातलं काहीही खरं कारण नाही. खरं कारण एवढंच की तुम्ही सगळे इतके आनंदात होतात, तो आनंद माझ्यामुळे होता, आणि मला तो हवा होता. आयुष्यात पहिल्यांदा सारीकुदुकच्या माणसांना कळलं होतं की मी तिकडे काय करते. पक्कं नाही ना अजून, असं म्हणत मी दोन्ही तळवे वर करून आशीर्वाद घेतला.

हे सगळं मी जेंगेला सांगितलं. तिने गोधडी बाजूला ठेवली. मला वाटलं मारेल. मारायला हवं होतं. ती म्हणाली, "दोन गोष्टींचं वचन दे. एक, मला कळलंय हे तुझ्या भावाला सांगू नकोस. त्याला वाटू दे की तो मला जपतोय, त्याच्याकडे करण्यासारखं दुसरं काही राहिलेलं नाही. दोन, जेवणाच्या आधी तुला माहीत होतं हे तर मुळीच सांगू नकोस. तो तुला घरात घेणार नाही. बायको जाणारच आहे, बहीण कशाला जायला हवी?"

मी दोन्ही वचनं दिली. आणि आता बसून दोन्ही मोडते आहे.

कारण तुम्ही दोघं एकमेकांना जपत बसाल, आणि मधल्या मध्ये कुरालायचं लग्न अडकेल. जेंगे तुम्हाला लग्न आधी करा म्हणू शकत नाही, कारण मग तुम्ही विचाराल, "का?" तुम्ही तिला म्हणू शकत नाही, कारण मग तीच विचारेल, "का?" तिला डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात लग्न हवं आहे. मुलाकडच्यांशी जाऊन बोला. मग इकडे या, स्वतः या, तोक्सानला पाठवू नका. तिच्यासमोर बसा आणि तुमच्या तोंडाने तिला सांगा. तिला ठाऊक आहे, तरीही सांगा. आबांच्या वेळी जे केलं ते पुन्हा नको. ती चिडेल, मला शिव्या देईल की वचन मोडलं. देऊ दे.

दुखतं तेव्हा द्यायच्या औषधाच्या बाटल्या मी बांधून ठेवल्या आहेत, किती वाजता किती द्यायचं ते मोठ्या अक्षरात लिहून वर चिकटवलं आहे. ती गाडीत डाव्या कुशीवर झोपू शकत नाही, खालचा बाक मिळेल असं बघा. मी तुमच्यासोबत येणार नाही. लग्नालाही येणार नाही, तुम्ही बोलावल्याशिवाय. संस्थेत मी चार जूनची पट्टी तारखेसकट संचालकांच्या टेबलावर ठेवली आहे. पुढे काय होईल ते ते लोक ठरवतील.

एक राहिलं. ते न लिहिता पाकीट बंद केलं होतं, पुन्हा उघडलं. मी तामारा पेत्रोव्नांना विचारलं की जूनमध्ये आणली असती तर? त्या टाळत होत्या. मी पुन्हा विचारलं, मी कोण आहे आणि का विचारते आहे तेही सांगितलं. तेव्हा त्यांनी मार्चमधल्या जिल्ह्याच्या तपासणीचे कागद काढले, बराच वेळ बघितले, आणि म्हणाल्या की खात्रीने कुणीच सांगू शकणार नाही, पण गाठ तेव्हा जागेवरच असावी. काढता आली असती. पाच वर्षं मिळाली असती, दहाही मिळाली असती.

पाच वर्षं, आगा. कदाचित दहा. हे तुम्हाला माझ्याकडून कळायला हवं होतं, दुसऱ्या कुणाकडून नाही.

यापुढे मला काय म्हणायचं ते तुम्ही ठरवा, म्हणून नात्याचं काही लिहीत नाही.

दामेली